तांब्यावरचा डावा हात

रविवार, १२ ऑक्टोबर

चि. ताईस,

अनेक आशीर्वाद. मी बरा आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो काय आजचा आहे? स्वयंपाकघरातला नळ गळायचा थांबला. फोन उचलत नाहीस म्हणून काळजी वाटते, तेवढंच.

सोबत पार्सल आहे. ठमीच्या पुस्तकांत चिकटवायला नावाची चिठ्ठी करायला घेतली होती. म्हटलं, नातीच्या पुस्तकांत आजोबाच्या हातचं काहीतरी असावं. तांब्याच्या पत्र्यावर चित्र नि नाव कोरायचं, खाचांत शाई भरायची आणि वर कागद दाबायचा. जन्मभर घड्याळांवर नावं कोरली, पण छापण्यासाठी हे पहिलंच. कागदावर सगळं उलटं उमटतं, म्हणून अक्षरं आरशात बघून उलटी कोरली. डोळ्यांना धारा लागल्या, पण एकही वेलांटी चुकली नाही. कोपऱ्यावरच्या छापखानेवाल्याने कागद काढून दिले नि म्हणाला, "आजोबा, या वयात आमच्या पोटावर पाय देताय की काय?" मीही जरा फुशारलो.

घरी येऊन चष्मा लावून पाहिलं, आणि कागद पत्र्याशेजारी ठेवून पुन्हा पाहिलं.

चित्रात ठमी टेबलाशी बसून चित्र काढतेय. पेन्सिल मी तिच्या डाव्या हातात दिली होती. मुद्दाम. तुम्ही दोघी इथे आला होतात त्या दिवशी मी तिची पेन्सिल ओढून उजव्या हातात कोंबली, तिने परत डावीकडे घेतली, तेव्हा चापट मारली. तू तिला चपला घातल्यास, आणि दारात एवढंच म्हणालीस, "बाबा, तो हातही तिचाच आहे हो." हे चित्र म्हणजे त्याला माझं उत्तर होतं. पण अक्षरांच्या नादात हात उलटा कोरायचा राहिला. छापलेल्या प्रत्येक कागदावर पेन्सिल उजव्या हातात आहे.

तुला वाटेल, म्हाताऱ्याचा हट्ट काही जात नाही. या धास्तीने आठवडाभर पार्सल बांधतोय आणि सोडतोय.

शेवटी कागद फाडून टाकले. नुसता पत्राच पाठवतोय. त्यावरचं नाव सुलट वाचता येणार नाही, पण तांब्यावर पेन्सिल तिच्या डाव्या हातातच आहे. तिला दाखव. कडा घासल्या आहेत, बोटाला लागणार नाहीत.

दुसरा पत्रा आणून ठेवलाय. तिला घेऊन येशील का? समोर बसली तर या वेळी चुकणार नाही.

ठमीला गोड पापा. आधी डाव्या हाताला.

तुझे,
बाबा