फुंकणीला कुंकू

आई,

मी सॅक्सोफोन घेतला. आल्टो. पितळेचा, नवा कोरा, आणि तोंडात धरून वाजवायचा. हो, तोंडात. कपाळाला हात लावायचा असेल तर लाव. मी साठ वर्षांची झाले, ओरगडमच्या गाड्यांच्या कारखान्यातून जूनमध्ये निवृत्त झाले, आणि आता मला कुणाची परवानगी नको आहे. तुझीही नको. तरी तुलाच लिहायला बसले, कारण हे भांडण तुझ्याशी आहे आणि ते सत्तेचाळीस वर्षं अर्धवट पडलं आहे. मध्येच तू गेलीस, त्यालाही आता वीस वर्षं होतील.

आधी वाद्याचं सांगते. सगळा जन्म तपासणी विभागात गेला, तेव्हा पेटी उघडल्यावर पहिल्यांदा एकेक कळ दाबून पाहिली. खालच्या एका कळेची गादी जरा चिकटत होती, बाकी काम चोख. पट्टा गळ्यात अडकवला तर सगळं वजन मानेवर आलं आणि दुसऱ्या दिवशी उजवा अंगठा ठणकायला लागला. मग आलं रीड. म्हणजे बोरूच्या जातीच्या गवताची पातळ पट्टी, तोंडाकडच्या भागाला आवळून बसवायची. ती कोरडी असली की धड वाजत नाही. आधी जिभेवर धरून थुंकीत चांगली भिजवावी लागते. ऐकलंस ना? उष्टी केल्याशिवाय बया बोलतच नाही. मला शिकवणारी मुलगी इथलीच, तमिळ, अण्णा नगरची, पंचवीस-सव्वीसची. ती हे गंभीरपणे समजावत होती आणि मला इतकं हसू फुटलं की ती बिचारी बावरली. पहिली फुंक मारली तर रेडकू हंबरल्यासारखा आवाज आला. दुसऱ्यांदा नुसतीच हवा. तिसऱ्यांदा मात्र सूर लागला, आणि वरचे दात वाद्याच्या तोंडावर टेकलेले असल्यामुळे तो आधी माझ्या कवटीत घुमला, मग खोलीत. खालच्या मजल्यावरच्या शेजारीण मामी बाल्कनीत येऊन वर बघायला लागल्या. बघू देत. मी तोच सूर आणखी पाच वेळा वाजवला.

तांबरमचं रेल्वे क्वार्टर. मी तेरा वर्षांची. खंडेनवमी, म्हणजे इथल्या लोकांची आयुधपूजा. तू पाट मांडला आहेस. त्यावर तुझी मिरजेची सतार, जी तू लग्नात माहेरून आणलीस आणि वर्षातून ह्या एकाच दिवशी गवसणीबाहेर काढायचीस. तिच्याशेजारी बाबांचा कारशेडमधला पाना, ग्रीससकट. आम्हा दोघा भावंडांची पुस्तकं, तुझी कात्री, विळी, आणि परसातल्या चुलीची लोखंडी फुंकणी. सगळ्यांना हळदकुंकू, सगळ्यांना फूल. आणि माझं क्लॅरिनेट, शाळेच्या बँडचं, मास्तरांनी विश्वासाने सुट्टीपुरतं घरी दिलेलं, ते बाहेर चपलांशेजारी. तोंडाला लागलेलं वाद्य देवापुढे नको, म्हणालीस. देवापुढे काय, घरातच नको. मी विचारलं, मग फुंकणी कशी चालते? ती तर रोज तुझ्या ओठाला लागते. तू वरसुद्धा पाहिलं नाहीस. कुंकवाचं बोट पदराला पुसत म्हणालीस, "ती अग्नीची आहे. अग्नीला उष्टं नसतं. तुझी जीभ फार चालायला लागली आहे हल्ली." आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय! ग्रीस चालतं, राख चालते, माझी थुंकी तेवढी चालत नाही.

दसऱ्यानंतर मास्तर स्वतः घरी आले. ते ख्रिस्ती, तेव्हा तू परक्यांसाठी वेगळ्या ठेवलेल्या पेल्यात त्यांना कॉफी दिलीस. मुलीचा श्वास फार चांगला आहे, हिला बँडमधून काढू नका, असं ते पुन्हा पुन्हा सांगत होते. तू तुझ्या मोडक्या तमिळमध्ये म्हणालीस, आमच्यात चालत नाही. बस, एवढंच. त्यांनी पेला उंच धरून, ओठ न लावता कॉफी घशात सोडली, मग उठून परसातल्या नळावर गेले, तो स्वतःच विसळला आणि पायरीवर उपडा घातला. त्यांना कुणी काही सांगावं लागलं नाही, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. क्लॅरिनेट काखेत मारून जाताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, म्हणाले, "परवाइल्लै, कण्णा." असू दे, बाळ. समजूत त्यांनी माझी काढली, तू नाही. त्या सतारीची एक तार तू मला कधी छेडू दिली नाहीस आणि जे मला येत होतं ते माझ्या हातून काढून घेतलंस. हे मी विसरलेले नाही, आणि माफही केलेलं नाही.

काल आयुधपूजा झाली. सतार माझ्याकडेच असते. पाटावर ती ठेवली आणि अगदी तिला खेटून सॅक्सोफोन. धाकटा भाऊ तांबरमहून आला होता. साठी बुद्धी नाठी वगैरे ऐकवून झालं, ते मी हसण्यावारी नेलं. मग पाटाकडे बघून हळूच म्हणाला, "ताई, आईला हे चाललं नसतं. तोंडात घातलेलं आहे ते."

"आईची फुंकणी ह्याच पाटावर असायची," मी म्हटलं. "तिला कुंकू कोण लावायचं, आठवतंय? आईच."

तो सुंडलची, म्हणजे प्रसादाच्या उसळीची, वाटी घेऊन खिडकीत जाऊन बसला. मी कुंकवाचं बोट लावलं ते मुद्दाम तोंडाकडच्या भागालाच, जिथे माझे ओठ लागतात तिथे. तिथे नाही लावायचं तर कुठे? आज दसरा. सकाळी वाद्य उचललं तेव्हा नीट पुसायचं राहिलं होतं आणि सगळा वेळ जिभेवर कुंकवाची चव येत होती.

हे पत्र पेटीत, रीडच्या डबीखाली ठेवणार आहे. एक गोष्ट त्यात घालायची नव्हती, पण आता लिहूनच टाकते. शिकवणीच्या पहिल्या दिवशी ती मुलगी माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, नवशिके सगळे गाल फुगवतात, तुम्ही फुगवले नाहीत. श्वास पण पोटातून घेता. "आंटी, आधी कुणी शिकवलंय का तुम्हाला?" आणि मला परसातली चूल दिसली. पावसाने सुरूची लाकडं ओली, नुसता धूर. मी दहा वर्षांची, चुलीपुढे उकिडवी. तू माझ्यामागे बसलेली, तुझा एक हात माझ्या पोटावर. गाल फुगवू नकोस, म्हणतेस, इथून येऊ दे, सगळा एकदम सोडू नकोस, धरून ठेव, हं, आता. फुंकणी तू तुझ्या ओठांवरून काढून तशीच, न धुता, माझ्या तोंडाला लावली होतीस.

मी त्या मुलीला म्हटलं, नाही, कुणीच नाही. खोटं बोलले, आई.