गजाला खोबरेल

दौंड, ११ मे १९९९, मंगळवार संध्याकाळ

साबणाने दोनदा हात धुतले तरी खोबरेलाचा वास जात नाही. परवा संगीत शिबिराचा समारोप, आणि आज खुटबावच्या सुजाताच्या व्हायोलिनमधून आवाजच निघेना! पियानोवाल्या पोरी फिदीफिदी हसायला लागल्या. तारांवर फिरवायचा गज हातात घेऊन बघितला, तर त्याचे केस तेलाने चपचपीत. तारांवर पकड यावी म्हणून वरून राळ चोळली, तिचाही चिखल झाला. एवढ्या लहान मापाचा दुसरा गज दोन दिवसांत आणू कुठून? माझा लांबलचक गज द्यावा, तर तो शेजारणीच्या डोळ्यात जाईल.

दुपारी तिची आई न्यायला आली. मी फाडफाड बोलणार, तोच तीच कौतुकाने म्हणाली, "बाई, लई कोरडं पडलं होतं केस. म्या तेल लावलं आन् फणीनं इंचरलं बी. मऊ झालं न्हवं?"

विंचरलंसुद्धा!

"झाले," म्हणाले. "गजाचे केस स्वतःच्या केसांसारखे जपा," असं पहिल्या दिवशी पोरांना बजावणारी मीच.

पुन्हा हात धुतले. वास आहेच.

बारा पोरांत माझं मनावर घेणारी ही एकच निघाली, आणि परवा तीच नुसती बसणार.