देवदूताचं उष्टं

लातूर, ३ नोव्हेंबर, सोमवार
सकाळीच भोकरहून पोचले. मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाचं काम मिळालंय. वीस मुली, सगळ्या डॉक्टर व्हायला निघालेल्या. मालकीण शिवम्मा निलंग्याकडची. आल्या आल्या म्हणाली, तिखट लई टाकू नका, पोरी तुमच्यापुढं रडतात अन् त्यांच्या आया फोनवर मला रडवतात. खोली छान आहे. माझी सात पुस्तकं फळीवर बसली. खिडकीबाहेर कठडा आहे, त्यावर भरपूर ऊन. दुपारी ह्यांच्या नावानं भाकरीचा घास तिथं ठेवला. हे जाऊन दोन वर्षं झाली, रोज ठेवते. इथला कावळाही लगेच आला. बरं वाटलं.

६ नोव्हेंबर
जेवणं झाली की मुली मला मोबाइलवर मालिका बघायला बसवतात. कोरियाची आहे, हिंदीत बोलते. एक देवदूत, पांढरा कोट, ओठ रंगवलेले. माणसांचे जीव न्यायला येतो आणि एका पोरीच्या प्रेमात पडतो. त्याला वरून नियम घालून दिलेत. मेलेल्याच्या वाट्याचं अन्न खायचं नाही. खाल्लं तर तो त्या घरातच अडकतो. आणि त्याचं उष्टं जो शेवटी खाईल, त्याला तो घेऊन जातो. नायिकेनं त्याचं अर्धं सफरचंद खाल्लं तेव्हा सगळ्या पोरी आनंदानं किंचाळल्या. मला किळस आली. मरण मी जवळून पाहिलंय. त्याला फुलांचा वास नसतो, लघवीचा आणि औषधाचा असतो. तसं बोलले तर मुदखेडची अक्षरा म्हणाली, काकू, तुम्हाला प्रेमातलं काय कळून राहिलंय! आणि माझ्याच मांडीवर डोकं ठेवून हसली. सतरा वर्षांची आहे. माझ्याजवळ बसल्याशिवाय जेवत नाही.

१० नोव्हेंबर
चार दिवस कावळा नाही. घास मात्र अर्धा खाल्लेला असतो. उरलेल्या भाकरीवर चिकट पाणी, गोगलगाय फिरून गेल्यासारखं. कोंबडी उकळत्या पाण्यात बुडवली की पिसांना जो वास येतो, तो कठड्याला येतो. फिनेलनं दोनदा धुतला. गेला नाही.

१३ नोव्हेंबर
भर दुपारी दिसलं. कठड्यावर पाठमोरं बसलेलं, माणसाएवढं. क्षणभर वाटलं, हेच आले. इतकं वाटलं की मी अहो म्हणून हाक मारली. त्यानं मान वळवली. तोंड देखणं, मालिकेतल्यासारखंच. पण पंख भिजल्या चिंधीसारखे, मधेमधे टक्कल, त्यातून पू. लांब जीभ काढून भाकरी चाटत होतं. मी मोरीत जाऊन ओकले. परत आले तर कठडा रिकामा. उद्यापासून घास बंद.

१५ नोव्हेंबर
घास बंद केला, तरी ते गेलं नाही. पाण्याच्या टाकीमागं पंख झटकतं. मालिका खोटी असेल, नियम खरा निघाला. अडकलंय.
अक्षरा दोन दिवस जेवली नाही. नुसती हसते. वेणी घालताना मानेखाली पुळ्या दिसल्या. एक दाबली. रक्तासकट पिसाचा देठ बाहेर आला. मग तिनं खुशीत सांगितलं, कठड्यावरचं उरलेलं तिनं खाल्लं, त्या नायिकेसारखं. तो लई गोड बोलतो काकू, मंगळवारी नेतो म्हणाला.

१७ नोव्हेंबर
शिवम्माला सांगितलं. ती म्हणाली, परीक्षेच्या टेन्शननं उठतं अंगावर. डॉक्टरनंही मलमच दिलं. रात्रीपर्यंत पोरीची पाठ पिसांनी पांढरी झाली. पांघरुणात पिसं, देठांना मांस चिकटलेलं. तिच्या आईचा फोन आला, जेवते ना व्यवस्थित म्हणून. मी हो म्हटलं. दुसरं काय—

१८ नोव्हेंबर, मंगळवार, सकाळ
उठल्यापासून एकच शब्द डोक्यात. शेवटी. शेवटी जो खाईल, तो. म्हणजे अजून वेळ आहे. भाकरी केली, वर तूप. कठड्यावर ठेवली.

दुपार
खाल्लं त्यानं. अर्धं ठेवलं. वर ते पाणी, पाण्यात पांढऱ्या उवा चालतायत. तीस वर्षं ह्यांच्या उष्ट्या ताटात जेवले, कधी किळस आली नाही. हे मात्र— नाक दाबलं. गिळलं. वर आलं. पुन्हा गिळलं.

दोन वाजता
अक्षरा ताट घेऊन आली. चालताना फरशीवर पिसं गळत होती. म्हणाली, काकू, भूक लागून राहिली. चार भाकरी खाल्ल्या. मग रडली, आई पाहिजे म्हणून. शिवम्मानं गाडी केली, मुदखेडला पाठवलं. पोर सुटली बहुतेक—

संध्याकाळ
ते दारात बसलंय. ह्यांच्या आवाजात सिंधू, सिंधू म्हणतं. हे मला कधी नावानं बोलवत नव्हते. सत्यमची आई म्हणायचे. तेवढंही ठाऊक नाही त्या घाणीला.
पाठीला हात लावणार नाही. बघणार नाही. पोर घरी पोचली एवढं कळलं की—
फोन वाजतोय. तिची आई. उचलायला बोटं वळेनात, नखांखालून पिसांचे देठ—