खाडी रिकामी ठेवण्याविषयी

रविवार, ८ नोव्हेंबर १९६४. राजापेठ, अमरावती

या नोंदींतून सिद्ध करावयाची प्रतिज्ञा अशी : युद्धाच्या पटावर जो बेटाची सत्ता खेळतो त्याने कोणाशीही करार करू नये. करार न करणारे बेट हरत नाही.

हेतू, म्हणजे कारण : बेटाभोवती पाणी आहे. पाण्यावर फौज चालत नाही, आरमार चालते. ज्याच्याजवळ आपले समुद्र भरण्यापुरते आरमार आहे त्याच्या दाराशी कोणी येऊ शकत नाही. मग वचन कशासाठी द्यावे-घ्यावे? वचन घेणारा आपल्या सुरक्षिततेचा एक हिस्सा दुसऱ्याच्या सचोटीवर ठेवतो. सचोटी हे प्रमाण नव्हे. तर्कशास्त्र शिकवण्यात हयात गेली, एवढे म्हणण्याचा अधिकार असावा.

पट भाऊसाहेबांचा. त्यांच्या मुलाने विलायतेहून आणला. युरोपचा नकाशा, लाकडी सोंगट्या; लांबट ती आरमारे, चौकोनी त्या फौजा. फासे नाहीत, म्हणून मी खेळायला तयार झाले. प्रत्येक फेरीआधी मसलतीला थोडा वेळ, दोघादोघांनी बाजूला जाऊन. मग ज्याने त्याने हुकूम चिठ्ठीवर लिहायचे, चिठ्ठ्या एकदम उघडायच्या. मसलतीत दिलेले वचन मोडल्यास दंड नाही.

खेळणारे चौघे. भाऊसाहेब (यापुढे भा.), अकोल्याचे निवृत्त वकील, नागपूरच्या कॉलेजात वादसभेतले माझे प्रतिपक्षी : फ्रान्स. प्रा. मेश्राम, माझे विद्यार्थी, आता माझ्याच कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतात : जर्मनी. गुलाबराव, तिवशाचे बागाईतदार, भा. यांचे जुने पक्षकार : रशिया. मी बेट. पहिल्या दिवसापासून बेटच.

तीन वर्षे दर रविवारी. भा. सकाळच्या गाडीने येतात, संध्याकाळच्या गाडीने जातात. बाकीचे दिवस या घरात बोलणे असे होत नाही. दूधवाल्याशी होते ते व्यवहार.

रविवार, १५ नोव्हेंबर

नॉर्वे घेतले. बेटाने पहिली हालचाल उत्तर समुद्रातच करावी, याला अपवाद सापडलेला नाही. उत्तर समुद्र हाती असला की नॉर्वे, डेन्मार्क, हॉलंड या तिन्ही किनाऱ्यांना एकाच जागेवरून धाक राहतो.

मेश्राम मसलतीला आले. खुर्ची पुढे केली तरी उभेच. "बाई, परवानगी असेल तर डेन्मार्क मी घ्यावं म्हणतो."

म्हटले, युद्धात परवानगी मागत नाहीत.

"तुमच्याकडे मागावी लागते, बाई. वर्गात तुम्ही न विचारता खिडकीसुद्धा उघडू देत नव्हता."

उत्तर दिले नाही. डेन्मार्क त्यांनी घेतले. हरकत नव्हती, पण तसे सांगणे हाही एक करारच झाला असता.

गुलाबराव बोलून मसलत करीत नाहीत. बैलबाजाराची रीत : खांद्यावरचा दुपट्टा समोरच्याच्या हातावर टाकायचा आणि त्याखाली बोटे दाबून सौदा करायचा. पहिले बोट स्वीडन, दुसरे नॉर्वे. बोट धरून ठेवले म्हणजे सौदा पक्का. भा. आणि मेश्राम यांना हे अंगवळणी पडले आहे. मला बिचकत विचारतात, "बाई, तुमच्यासंगं कसं करावं? तुमचा हात त मले धरता येत नाई."

म्हटले, त्याची आवश्यकता नाही. मी कोणाशीच सौदा करीत नाही.

"हाव. बेटावर दार लावून बसल्या तुमी. आमी काय आता पान्यात पऱ्हाटी लावावी?"

भा. इतके हसले की चष्मा पुसावा लागला.

बुधवार, १८ नोव्हेंबर

पट मांडलेलाच असतो. आवरण्याचे कारण नाही. दुपारी फ्रान्सच्या बाजूने विचार करून पाहावा म्हणून भा. यांच्या खुर्चीवर बसले. माझ्या खुर्चीची पाठ खिडकीकडे आहे. म्हणजे त्यांना इतके दिवस माझा चेहरा दिसतच नसणार, उजेडापुढची काळी आकृती दिसत असणार.

खुर्च्या बदलण्याचा विचार आला. बदलल्या नाहीत. मांडणी पक्की असलेली बरी.

रविवार, २९ नोव्हेंबर

खाडीचा प्रश्न. तो नोंदणे अवश्य आहे, कारण वरवर पाहता तो माझ्या प्रतिज्ञेला बाध आणतो.

फ्रान्स आणि बेट यांच्यामध्ये इंग्लिश खाडी. तिच्यात ज्याचे आरमार शिरले त्याने दुसऱ्याच्या गळ्याला हात घातला. आजवरच्या एकाही डावात मी शिरले नाही, भा. शिरले नाहीत. याविषयी आम्ही कधी एक शब्द बोललेलो नाही.

आज गुलाबरावांनी टोकले. "इकडं आरमार, तिकडं आरमार, अन् मधल्या पान्यात कुत्रं नाई. हे काहून, भाऊसायेब?"

भा. गंभीरपणे म्हणाले, "प्रकरण न्यायप्रविष्ट आहे. त्यावर बोलता येणार नाही."

"किती सालापासून?"

"ते बाईंना विचारा. तारखा त्याच मागून घेतात."

मी हुकूम लिहीत होते.

निर्णय : हा करार नव्हे. दोघांनी स्वतंत्रपणे, आपापल्या हितासाठी केलेल्या गोष्टी एकसारख्या निघाल्या, इतकेच. प्रतिज्ञा अबाधित.

रविवार, ६ डिसेंबर

भा. यांनी चिठ्ठीवर एकाच फौजेला दोन हुकूम लिहिले. वकिलाकडून अपेक्षित नाही. विचारले तर म्हणाले, "वय झालं, मनोरमाबाई. दोन्हीकडे जावंसं वाटतं."

नियमाप्रमाणे दोन्ही हुकूम बाद केले.

रविवार, १३ डिसेंबर

मसलतीच्या वेळी तिघेही एकदम मागच्या विहिरीपाशी गेले. नियम दोघादोघांचा आहे. ठरलेला वेळ संपला तरी परत येईनात. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिले : भा. बोलत आहेत. मेश्राम खाली मान घालून ऐकत आहेत. मग गुलाबरावांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि भा. यांच्या हातावर टाकला. हात बराच वेळ दुपट्ट्याखाली.

तिघे आत आले. गुलाबराव एकही वाकडा शब्द बोलले नाहीत. मेश्राम माझ्याकडे पाहीनात. भा. यांनी चिठ्ठीवर लिहिले, खोडले, पुन्हा लिहिले. उघडल्यावर निघाले फक्त "सर्व आपापल्या जागी उभे".

बुधवार, १६ डिसेंबर

तर्कशास्त्राच्या पाच पायऱ्यांनी, क्रमाने मांडते.

प्रतिज्ञा : बेटाविरुद्ध तिघांचा करार झाला आहे.
हेतू : कारण तिघांनी माझ्या पाठीमागे मसलत करून सौदा पक्का केला.
उदाहरण : जेथे जेथे दुपट्ट्याखाली हात, तेथे तेथे सौदा, जसे स्वीडन, जसे नॉर्वे.
उपनय : विहिरीपाशी तसेच घडले.
निगमन : म्हणून करार आहे, आणि करारात मी नाही, त्या अर्थी तो माझ्याविरुद्ध आहे.

दोष सापडत नाही. दोनदा तपासले.

भा. यांचे आरमार ब्रेस्टच्या बंदरात, खाडीच्या तोंडाशी. पुढच्या फेरीत ते खाडीत येणार. त्यांच्याआधी मी जाणे हाच मार्ग. उत्तर समुद्राचे आरमार खाडीत उतरवून, लंडनच्या आरमाराचे त्याला पाठबळ. खाडी मिळाली की त्याच आरमारावरून फौज पलीकडे.

तीन वर्षांत प्रथमच जेवताना पटाकडे पाहिले नाही.

रविवार, २० डिसेंबर

मसलतीला कोणी उठायच्या आत मी सांगितले की मला मसलत नको, हुकूम लिहिते. चिठ्ठ्या उघडल्या. माझे आरमार खाडीत.

भा. यांची चिठ्ठी : ब्रेस्टचे आरमार दक्षिणेकडे, स्पेनच्या किनाऱ्याने. ते खाडीपासून दूर जात होते. त्या क्षणी मला वाटले, ही हूल आहे.

दुसऱ्या फेरीत फौज उतरवली. ब्रेस्ट रिकामे होते. ठाणे माझे झाले.

भा. म्हणाले, "आलात एकदाच्या." आवाजात राग नव्हता. उपरोधही नसावा. मी त्याचा अर्थ लावण्याचा प्रयत्न केला, लागला नाही.

गुलाबराव म्हणाले, "बाई, हे बरं नाई केलं."

मी म्हटले, नियमात आहे.

"नियमात त हाय," ते म्हणाले, आणि तंबाखू मळायला बाहेर गेले.

निघताना भा. दारात थांबले. जोडा घालून झाला होता तरी उभे. "मनोरमाबाई, पुढच्या रविवारी मी..." मला वाटले, डावाविषयीच काही, सवलत मागणार, किंवा सूड जाहीर करणार. मी म्हटले, "गाडी चुकेल तुमची."

"हो. ती चुकवून चालणार नाही."

गेले.

बुधवार, २३ डिसेंबर

सकाळी गुलाबराव आले. रविवार सोडून ते कधी आले नाहीत. संत्र्यांची करंडी ओट्यावर ठेवली, बसा म्हटले तर बसले नाहीत.

"भाऊसायेब चालले न पोराकडं, जमशेदपूरले. कायमचे. अकोल्याचं घर भाड्यानं देल्लं. आठ दिसात चालले. तुमाले सांगतलं?"

सांगितले नव्हते.

"मले वाटलंच. परवा तुमी त्याईच्या घरात फौज घुसवली, मंग थे काय सांगतीन?"

विहिरीपाशी काय ठरले, असे मी विचारले. शब्द अचूक निवडले होते, आवाज बरोबर लागला नाही.

"हेच. त्याईनं आमाले तिकडं नेलं, तुमाले आयकू जाऊ नये म्हून. म्हने, मी गेलो तरी रविवार मोडू नका. बाई कोनाले 'या' म्हननार नाईत, तुमीच न बोलावता जात जा. डाव नसन जमत त पत्ते घेऊन जा, भांडन घेऊन जा, पन जा." गुलाबरावांनी खांद्यावरचा दुपट्टा सारखा केला. "आता वकिलाचं बोलनं, लिहून देतो का म्हने. मी म्हटलं लिहाचं काय काम हाय? दुपट्टा टाकला, त्याईनं बोट धरलं. लय वेळ सोडेनात. आता मले मरेपावतर येनं आलं."

मी विचारले, खाडीविषयी काही बोलणे झाले का.

"कोनती खाडी, बाई?"

करंडी ठेवून गेले. संत्री फार आहेत. एकटीला संपणार नाहीत.

रविवार, २७ डिसेंबर

मेश्राम आणि गुलाबराव वेळेवर आले. भा. आले नाहीत, सामान बांधणे चालू. मेश्राम काल अकोल्याला जाऊन आले. भा. यांनी निरोप दिला : पट बाईंकडेच राहू द्या, तिकडे कोणाशी खेळू?

फ्रान्सच्या चिठ्ठीची जागा मोकळी. ज्याचे हुकूम येत नाहीत त्याच्या सोंगट्या उभ्या राहतात. पॅरिस उघडे होते. माझी फौज शेजारी ब्रेस्टमध्ये.

मेश्राम म्हणाले, "बाई, पॅरिस मिळतं आहे." मग आपली चिठ्ठी घडी घालत, "परवानगी असेल तर एक विचारू? भाऊसाहेबांना तुम्ही काही निरोप देणार?"

मी त्यांना विचारले, मी वर्गात खरेच खिडकी उघडू देत नव्हते का.

"नाही, बाई. धूळ यायची म्हणून. बरोबरच होतं तुमचं."

गुलाबराव : "याले काय विचारता? हा त तुमाले अजून भेते."

पॅरिसचा हुकूम लिहिला नाही. फौज परत नेण्याचाही नाही. खाडीतले आरमार काढावे की ठेवावे याचा निर्णय होईना. कोरी चिठ्ठी दिली. असे पूर्वी घडलेले नाही. दोघांनी ती पाहिली आणि चहाचे विचारले.

मंगळवार, २९ डिसेंबर

भा. उद्या दुपारच्या मेलने निघतात. मेल वाटेत, येथून जवळच्या बडनेऱ्याला थांबते. किती वेळ, ते वेळापत्रकात पाहिले नाही. मेश्राम म्हणाले, मी टांगा घेऊन येतो, बाई, तुम्ही फक्त हो म्हणा. त्यांना उद्या सकाळी सांगते असे म्हटले आहे.

गेल्यास तेथे काय बोलावे, याचे दोन मसुदे मनात केले. पहिल्यात माझ्या चालीचे समर्थन आहे. दुसऱ्यात एकच वाक्य आहे आणि ते मला पूर्ण करता आलेले नाही.

प्रतिज्ञेविषयी : ती खोडता येत नाही. बेट हरलेले नाही. एक ठाणे अधिकच आहे. ज्याला हे तपासायचे असेल त्याने पट पाहावा, तसाच मांडलेला आहे.

मात्र ता. १६ च्या अनुमानात चूक होती, ती मान्य करते. विहिरीपाशी करार झाला, हे खरे ठरले. तो माझ्यासंबंधी होता, हेही. माझ्यासंबंधी आहे म्हणून माझ्याविरुद्ध असलाच पाहिजे, ही व्याप्ती, म्हणजे हा सर्वत्र लागू नियम, मी गृहीत धरली, आणि ती कोणत्या अनुभवावरून धरली याचा शोध घेतला असता एकही उदाहरण मिळाले नाही.

म. के. पाठक