वही कुनाकडं ऱ्हानार

॥ श्री ॥
अदिस अबाबा,
१० जानेवारी १९९३

तीर्थरूप तात्या यांस,
पद्माचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आणि पाकिटात घातलेला चमचाभर हलवा पोचला. संक्रांतीच्या आधीच गोड बोलायची आठवण केलीत, म्हणजे मागच्या पत्रात मी फार भांडले असणार. आम्ही दोघं खुशाल आहोत. अवधूत शाळेत पोरांना गणित शिकवतात आणि घरी येऊन मला शिकवू पाहतात.

आज लिहायला बसले ती शेजारच्या सेनाइतसाठी. माझं जुनं ब्लाऊज उसवून, मापं समजून घेऊन, नवी तीन शिवून देणारी ती हीच. ती मूळची एरिट्रियाची. दहाव्या वर्षी इथे आली, इथल्याच तेस्फायेशी लग्न केलं, चार वर्षांची हाना ही त्यांची मुलगी. एरिट्रियाचे लोक वेगळं होण्यासाठी तीस वर्षं इथिओपियाशी लढले. त्यात तिचा थोरला भाऊ गेला. आता लढाई थांबली आहे आणि एप्रिलमध्ये मतदान आहे, वेगळा देश व्हायचं की नाही यावर. इथे राहणाऱ्या तिकडच्या लोकांनाही मत देता येईल, पण आधी नाव नोंदवून ओळखपत्र घ्यावं लागतं.

तेस्फाये म्हणतो, आयुष्य इथे काढायचं तर तिकडच्या भानगडीत नाव कशाला. ती म्हणते, भाऊ ज्याच्यासाठी गेला त्याला मी एक कागदसुद्धा द्यायचा नाही का. दोघांचंही मला पटतं, हीच पंचाईत. बेचाळीसनंतर तुम्ही सातारा जिल्ह्यात इंग्रजांच्या नाकावर टिच्चून प्रतिसरकार कसं चालवलंत, ते मी तिला कॉफी पिताना किती वेळा सांगितलंय. काल ती म्हणाली, तुझ्या वडिलांना विचार, ते म्हणतील तसं मी करीन. मी हसण्यावारी नेलं, तर तिने शिवण बाजूला ठेवून माझा हात धरला. तेव्हा नीट विचार करून लिहा.

आमच्यावरची माया आहे तेवढी राहू द्या, आणि उरली तर थोडी तिलाही.

तुमची,
पद्मा

॥ श्री ॥
सातारा,
२ फेब्रुवारी १९९३

चि. सौ. पद्मास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र दोन दिवस खिशात घालून सगळ्या पेठेला दाखवत हिंडलो. घरात मला कोण सल्ला विचारतो? तुझा भाऊ सौमित्र सांगलीत फ्लॅट घेतो आणि मग मला कळवतो. आणि इथे थेट आफ्रिकेतून विचारणा!

तिला सांग, खुशाल नाव नोंदव आणि मत दे. मी फाळणी पाहिलेला माणूस आहे, तोडा असं उगीच म्हणणार नाही. पण इथे मोठं घर, म्हणजे इथिओपियाच, स्वतः म्हणतंय की वाटणी समजुतीने होऊ दे. अशी वाटणी झाली की विहिरीच्या पाळ्या ठरतात, सणाला एकमेकांकडे जेवायला जाणं होतं. रोज भांडून एका चुलीवर शिजवण्यापेक्षा ते बरं. आणि आम्हाला कुणी विचारलं होतं का, स्वातंत्र्य हवं की नको? आम्ही मार खाऊन उत्तर दिलं. तिला कागदावर विचारतायत. ते उत्तर न देता ती घरी बसली, तर त्या गेलेल्या भावाला काय वाटेल?

आता एक गंमत. परवा विट्याहून जोतीराम आला होता. भूमिगत असताना माझ्याबरोबर निरोप पोचवायचा, तो. त्याला तुझं पत्र वाचून दाखवलं. सगळं ऐकून घेऊन गड्याने एवढंच विचारलं की नावं लिवून घेत्यात व्हय, मग ती वही कुनाकडं ऱ्हानार? त्याचं असं झालेलं आहे, की त्रेचाळीस साली त्यांच्या गावच्या मास्तरांनी कार्यकर्त्यांची नावं एका वहीत टिपून ठेवली होती. वही पोलिसांच्या हाती लागली. सतरा जण धरले, त्यात जोतीरामचा भाऊ तुरुंगातच वारला. पुढे आमचा नियमच झाला, कुणाचं नाव कागदावर घ्यायचं नाही. पण ते राज्य परक्यांचं होतं. हा अजून रेशनकार्डावर नाव घालायला कुरकुरतो! मी त्याची थट्टा केली, तर अर्धा चहा तसाच ठेवून एसटीला निघून गेला. म्हातारा झाला, दुसरं काय.

जावईबापूंना आशीर्वाद. तुमच्या पत्रांवर माझा दिवस चालतो, हे ध्यानात असू दे.

तुझा,
तात्या

॥ श्री ॥
अदिस अबाबा,
२८ एप्रिल १९९३

तीर्थरूप तात्या यांस,
पद्माचा शि. सा. न. वि. वि.

मतदान झालं! तुमचं पत्र मी सेनाइतला वाचून दाखवलं होतं. भावाच्या ओळीपाशी तिला रडू आलं. दुसऱ्याच दिवशी जाऊन तिने नाव नोंदवलं. मी सोबत होते. कारकुनाने तिचं नाव, वडिलांचं, आजोबांचं, घराचा पत्ता, सगळं विचारून घेतलं. जोतीरामकाकांना सांगा, नावं फार सुवाच्य अक्षरात लिहून घेतात, आणि दोन-दोन प्रती काढतात.

मत देऊन बाहेर आली ती पांढऱ्या सुती शालीत, नव्या नवरीसारखी. तेस्फायेने दोन दिवस तिच्या हातची कॉफी घेतली नाही, तिसऱ्या दिवशी मुकाट्याने प्याला. एक गोष्ट मात्र मला आवडली नाही. कोपऱ्यावरचा वाणी, ज्याच्याकडे ती वीस वर्षं सामान घेते, तो हसत हसत तिला म्हणाला की आता तू आमच्याकडे पाहुणी. तीही हसली. पण त्याने सुटे पैसे नेहमीसारखे हातावर न देता फळीवर ठेवले.

सोबत एक पुडकं आहे. तुमच्या डोक्याचं माप मी अंदाजाने सांगितलं आणि तिने गांधी टोपी शिवली. आतून तिच्याकडच्या शालीचा काठ लावलाय. घालून फोटो काढा, ती वाट बघते आहे.

इतक्या लांबूनही तुमचा हात डोक्यावर आहे असं वाटतं, तो तसाच असू द्या.

तुमची,
पद्मा

॥ श्री ॥
अदिस अबाबा,
१९ जुलै १९९८

तीर्थरूप तात्या यांस,
पद्माचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही आता सौमित्रकडे राहता, म्हणून हे पत्र सांगलीच्या पत्त्यावर घालते आहे. सौमित्रला जवळ बसवून मगच वाचा.

मे महिन्यापासून दोन्ही देशांत सरहद्दीवरच्या एका खडकाळ पट्ट्यासाठी लढाई जुंपली आहे, हे तुम्ही पेपरात वाचलं असेल. जूनपासून पोलीस इथे राहणाऱ्या एरिट्रियाच्या लोकांना उचलून देशाबाहेर काढायला लागले. आधी पुरुष नेले. आम्हाला वाटलं, शिवणकाम करणाऱ्या बाईला कोण विचारतं.

गुरुवारी सकाळी तीन माणसं आली. त्यांच्याकडे टाइप केलेली यादी होती. सेनाइत हानाचा नवा गणवेश शिवत होती. ती म्हणाली, माझा पासपोर्ट इथला, नवरा इथला, लेक इथली. त्यांनी सांगितलं, त्र्याण्णव साली तू मत दिलंस, तेव्हाच तू त्या देशाची झालीस. यादीतलं तिचं नाव तिलाच दाखवलं, वडील-आजोबांसकट. तेस्फायेने लग्नाचा कागद पुढे केला, तो त्यांनी वाचलासुद्धा नाही. मुलगी बापाची, ती इथेच राहील म्हणाले. एक पिशवी घ्यायला दहा मिनिटं दिली. हाना तिच्या कमरेला धरून होती, तिची बोटं तेस्फायेलाच सोडवावी लागली. मी कुंपणाशी उभी होते. तात्या, मी काहीही केलं नाही. आम्हीही परकेच, अवधूतनी माझा दंड घट्ट धरून ठेवला होता.

बसेस सरहद्दीकडे गेल्या एवढंच कळतं. गणवेश मशीनमध्ये तसाच अडकलेला आहे. वाणी दुकान उघडून बसतो, आमच्याकडे बघत नाही.

तुम्ही स्वतःला लावून घेऊ नका. प्रकृतीला जपा, एवढंच आत्ता मागते.

तुमची,
पद्मा

॥ श्री ॥
सांगली,
११ ऑगस्ट १९९८

चि. सौ. पद्मास,
अनेक आशीर्वाद.

पत्र मी एकट्यानेच वाचलं. नंतर सौमित्रने ते माझ्या हातातून काढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी कुणाचं न ऐकता एसटीने विट्याला गेलो आणि जोतीरामला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, उठला, म्हशीला वैरण टाकली आणि पुन्हा येऊन बसला. माझी गाडी येईपर्यंत स्टँडवर शेजारी बसून राहिला. एका शब्दाने बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. ज्याच्या भावाचा जीव एका वहीपायी गेला त्याची मी थट्टा केली, पोरी. नियम आमचाच होता. कुणीतरी मला सल्ला विचारला याच्या आनंदात तो मी विसरलो.

शनिवारी पंधरा ऑगस्ट. कॉलनीतली मंडळी झेंड्यासाठी बोलवायला आली होती. दरवर्षी मी तिने शिवलेली टोपी घालून जातो. यंदा येत नाही म्हणून सांगितलं. टोपी कपाटात ठेवली आहे.

एकच विचारतो. जोतीरामचा प्रश्न मी थट्टेत का होईना, पण पत्रात लिहिला होता. दिवसभर तेवढंच धरून बसलेलो असतो. तू तिला पत्र वाचून दाखवलंस. तो प्रश्न ऐकूनही ती गेली असेल, तर तो तिचा निर्णय होता, भावासाठी जाणूनबुजून घेतलेला. मग मला हे सोसेल. खरं काय ते कळव.

उत्तराची वाट पाहतो. बाकी काही मागत नाही.

तुझा,
तात्या

॥ श्री ॥
अदिस अबाबा,
६ सप्टेंबर १९९८

तीर्थरूप तात्या यांस,
पद्माचा शि. सा. न. वि. वि.

सेनाइत जिवंत आहे. रेड क्रॉसमार्फत तिच्या चार ओळी आल्या. अस्मारामध्ये, म्हणजे एरिट्रियाच्या राजधानीत, कुणा नातलगांच्या पडवीत राहते. लिहिलंय की हानाच्या गणवेशाला आत चार बोटं जास्तीचं कापड ठेवलं आहे, उंची वाढेल तसं उसवत जा. हाना दुपारी आमच्याकडेच असते. ती ओळ मी तिला अजून सांगितलेली नाही.

तुमचं पत्र येऊन नऊ दिवस झाले. दोनदा उत्तर लिहिलं आणि फाडलं. दोन्ही वेळा लिहिलं होतं की हो, वाचून दाखवलं होतं. अवधूतही म्हणाले, म्हाताऱ्या माणसाला तेवढा आधार द्यायला काय हरकत आहे. पण तुम्ही खरं विचारलंत.

त्या दिवशी मी भावाच्या ओळीपर्यंत वाचलं. ती रडत होती आणि हसतही होती, इतकी आनंदात मी तिला कधी पाहिली नव्हती. पुढचं मी मनात वाचलं आणि तुमच्यासारखंच मला हसू आलं. तिने विचारलं, अजून काय लिहिलंय. मी म्हटलं, काही नाही, वडिलांच्या एका मित्राची गंमत आहे. आणि पत्राची घडी घातली.

तात्या, जोतीरामकाकांचा प्रश्न तिच्यापर्यंत पोचलाच नाही.

लोभ असू द्या, असं लिहायला आज हात धजत नाही.

पद्मा