लाकडी घोड्याची अ‍ॅलर्जी

४ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी रजई महिन्यापूर्वीच पोचली, कळवायचं राहून गेलं. आमच्याआधी ठोंब्यानेच तिच्यावर हक्क सांगितला. रात्रंदिवस तिच्यावरच पडलेला असतो. पण गेले तीन आठवडे तो सारखं अंग खाजवतोय. शेपटीच्या मुळाशी केस जाऊन कातडी लालभडक झाली आहे.

हिने पेपरातली एक जाहिरात दाखवली. कुत्र्याच्या केसांचा झुबका पाकिटात घालून पाठवायचा, कंपनी अ‍ॅलर्जी तपासून कळवते. फी म्हणजे माझी आठवड्याची कमाई. तरी भरली. चौदा गोष्टी बाधतात म्हणे, आणि यादीत पहिली मेंढीची लोकर.

आता सांग, खाली स्वेटर विणायची चार मशिनं, वर आमच्या दोन खोल्या. लोकर बंद केली तर आम्ही खायचं काय? मन घट्ट केलंय. गावाबाहेरचा रोपवाटिकावाला ठोंब्याला सांभाळायला तयार आहे. २१ तारखेला घेऊन जाईल. हे लिहितानाही तो पायाशी येऊन बसलाय, त्यामुळे जास्त लिहवत नाही.

लोभ असावा.
तुझा धाकटा

८ डिसेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

सात वर्षं लोकरीच्या गुंड्यांत लोळलेल्या कुत्र्याला आत्ताच लोकर बाधायला लागली? यात कुठेतरी पाणी मुरतंय. झुबकाभर केसांवरून चौदा दुखणी सांगणारा माणूस तपासणारा नसतो, जोतिषी असतो.

आणि जाहिरात दाखवली कोणी? जिन्यावर केस पडतात म्हणून कुरकुर कोण करतं? मी कुणाचं नाव घेत नाही. तू लहानपणापासून भोळा, तुला कुणीही टोपी घालावी.

माझी मांजरही हल्ली खाजवत असते, म्हणून मी काय तिचे केस पोस्टाने पाठवत बसू? हवा कोरडी आहे, दुसरं काय? शिवाय ती रुसली आहे. त्या रजईवर तिची दोन वर्षांची जागा होती, ती तुमच्याकडे गेली.

ठोंब्याला देऊ नकोस. आधी खऱ्या डॉक्टरकडे ने. मी इथे एक गंमत करते आहे, ती नंतर कळवीन.

आशीर्वाद आहेतच.
तुझी ताई

१३ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र हिच्या हाती पडू नये म्हणून मशिनच्या खणात ठेवलं, आणि दोरा काढताना नेमकं तिनेच वाचलं. एकदा रजईकडे बोट करून बोलायला आली, पण काही नाही म्हणत आत निघून गेली. मलाही आता वाटायला लागलंय की ती काहीतरी लपवते आहे.

कंपनीचं पुन्हा पत्र आलं. तिप्पट फी भरली तर कोणत्या जातीची लोकर बाधते तेही सांगतील. डॉक्टरकडची रक्ततपासणी याहून महाग म्हणतात, म्हणून अजून तिकडे पाय वळला नाही. ठोंब्याला रात्रभर झोप नाही. जिथे त्याला बरं वाटेल तिथे जाऊ दे.

तुझा धाकटा

१७ डिसेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

गंमत ऐक. माझ्या दुकानात दुरुस्तीला एक लाकडी घोडा आला आहे. त्याच्या नायलॉनच्या शेपटीतले केस कापले आणि ‘कुत्रा, वय चार’ असं लिहून तुझ्या कंपनीला पाठवले. फी मीच भरली.

आज अहवाल आला. घोड्याला गहू बाधतो, अंडं बाधतं, मेंढीची लोकर बाधते, आणि गवतही बाधतं. घोड्याला गवत! अहवाल सोबत पाठवला आहे, भिंतीवर लाव.

हात जोडून सांगते, २१च्या आत डॉक्टर गाठ. आणि जाहिरात दाखवण्यात आपल्या माणसाला काही कमिशन होतं का, तेही जरा विचारून घे.

तुझी ताई

२२ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल आलं तेव्हा रोपवाटिकावाला ठोंब्याला साखळी अडकवत होता. घोड्याचा अहवाल मी मोठ्याने वाचला. हिने पुढे होऊन ती साखळी काढली आणि आधी डॉक्टर, मग बाकीचं, असं त्याला बजावलं. लग्नानंतर पहिल्यांदा तिचा असा आवाज ऐकला.

डॉक्टरबाईंनी ठोंब्याच्या पाठीवरून बारीक फणी फिरवली आणि निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर झटकले. कणांभोवती लाल डाग पसरले. त्या म्हणाल्या, ही पिसवांची घाण, आत याचंच रक्त आहे. काही कुत्र्यांना चार चावेही सोसत नाहीत. रक्ततपासणी आत्ता नकोच म्हणाल्या. मानेवर टाकायचं औषध दिलं आणि घरात नवीन काय आलं ते विचारलं.

मी म्हणालो, काही नाही. ही खाली मान घालून म्हणाली, रजई. तिला पहिल्या आठवड्यापासून संशय होता. ताईंनी दिलेल्या वस्तूला नाव ठेवलं तर उगाच भांडण होईल, म्हणून गप्प राहिली. जाहिरात दाखवली तीही त्याचसाठी. कंपनीने पिसवा म्हटलं असतं, तर तिला बोलावं लागलं नसतं.

रजई उकळत्या पाण्यात घातली आहे. तुझ्या मांजरीलाही डॉक्टरांना दाखव. रागावू नकोस.

तुझा धाकटा

२६ डिसेंबर

चि. सौ. भावजयीस,
अनेक आशीर्वाद.

अकरा वर्षांत तुला स्वतंत्र पत्र लिहिते आहे ते हे पहिलं. मांजरीच्या अंगावरून मी फणी फिरवली. कागद लाल झाला.

कंपनीवर संशय घेतला, तुझ्यावर घेतला, हवेवरसुद्धा घेतला. स्वतःच्या घरात काही बघितलं नाही. आणि मला घाबरून तू ठोंब्याला जवळजवळ घालवून बसलीस, याची मला फार लाज वाटते.

यापुढे माझ्याकडून काहीही आलं की आधी अंगणात झटक. काही निघालं तर मलाच लिही, धाकट्याला मध्ये घालू नकोस. उत्तराची वाट बघते. दोन ओळी असल्या तरी चालतील, आणि त्यात मला नावं ठेवलीस तर जास्तच आवडेल.

लोभ मागायचा हक्क अजून मिळवायचा आहे.
तुझी ताई