सात नंबरची रिकामी खोली

मास्तर, तुमच्या घाटकोपरच्या दुकानातल्या भंगार ट्रान्सफॉर्मरवर मी पहिला ॲम्प्लिफायर बांधला. मग स्टीलच्या जेवणाच्या डब्यांत बसवलेले चौदा टॉकबॅक, म्हणजे बोलायचे-ऐकायचे संच, चेंबूरच्या एका शाळेसाठी सागवानी रॅक, आणि केबली किती ते मोजलं नाही. पण प्रत्येकीच्या दोन्ही टोकांना नंबराची पट्टी आहे. कुठलाही कोर्स न करता, सगळं या हातांनी. आणि आता मुलुंडच्या एका नव्या सभागृहात इंटरकॉमची चाळीस पॅक. पडद्यामागच्या माणसांनी कंबरेला अडकवून, कानाला हेडफोन लावून एकमेकांशी बोलायची.

तुमच्या वेळी एका माणसाला एक वायर होती. आता आवाज कॉम्प्युटरच्या वायरीतून जातो, सगळ्यांचा एकत्र, आणि कोणाचा कोणाकडे जायचा ते पत्त्यावरून ठरतं. प्रत्येक पॅकला चार संख्यांचा पत्ता द्यावा लागतो. पहिल्या तीन संख्या सगळ्यांना सारख्या, म्हणजे चाळीचं नाव. शेवटची संख्या म्हणजे खोली नंबर. हल्लीची मुलं हे पत्ते मशीनला वाटू देतात. मी देत नाही. मी एकेक पॅक हातात घेऊन पत्ता भरतो आणि रजिस्टरात लिहितो, तुमच्यासारखा. आणि सात नंबर कोणाला देत नाही. तुमचा हेडफोन सात नंबरचा होता. तुम्ही गेल्यापासून माझ्या प्रत्येक कामात ती खोली रिकामी असते. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

काल दुपारी नाचाच्या कार्यक्रमाची तालीम होती. सकाळी चालू होती ती सगळी पॅक मी तपासली होती, सगळी बोलत होती. रंगमंच सांभाळणाऱ्या बाई विंगेत उभ्या. दिव्यांची लोखंडी बार वरून खाली आणायची होती, दोर ओढणारा माणूस वरच्या मचाणावर. बार निम्म्यावर येते आणि एक नाचणारी मुलगी गिरकी घेत नेमकी तिच्या खाली येते. बाई पॅकवर ओरडतात, "थांब! थांब रे, थांब!" बार थांबत नाही. शेवटी त्यांनी पॅक टाकलं, धावत जाऊन मुलीला हाताला धरून ओढलं. बार तिच्या वेणीला घासून खाली आली. वीतभर, मास्तर. फार तर वीतभर.

मचाणावरचा माणूस खाली आला, पांढराफटक. "आईशप्पथ, मला काय पण ऐकू आलं नाही." तेवढ्यात मेकअपरूममधून रंगभूषाकार बाहेर आला, हातात पावडरचा डबा. "अहो, कोण बोंबलतंय थांब थांब? आत्ताच पॅक चालू केलं मी. आणि मी थांबू कशाला, अजून एक गाल बाकी आहे पोरीचा!" दोघंतिघं हसले. मला हसू आलं नाही.

मी रजिस्टर उघडलं. डाव्या पानावर शेवटची नोंद, पॅक वीस, मचाण, पत्ता एकवीस. उजव्या पानावर पहिली, पॅक एकवीस, मेकअपरूम, पत्ता एकवीस. अक्षर माझं. पॅकवर छापील नंबर होते, एक ते चाळीस. सात मी गाळला, म्हणून सातव्या पॅकला आठ, आठव्याला नऊ, असा वीसपर्यंत एकेक वाढवत गेलो. मग चहा प्यायलो, पान उलटलं, आणि पॅकवर दिसेल तो नंबर भरत सुटलो. एका खोलीत दोन बिऱ्हाडं. सकाळी मेकअपरूमचं पॅक बंद होतं, म्हणून काही कळलं नाही.

डब्यांच्या वेळी मी दोन वायरींना एकच पट्टी लावली होती, तेव्हा तुम्ही पक्कड आपटली होती. "मेल्या, दोघांक एकच नंबर दिलंस तर हाक मारल्यार दोघय येतले, नायतर कोणच येवचो नाय." मी तेव्हा आठवडाभर रुसलो होतो. काल तिथेच खुर्चीत बसून त्या दोन नोंदी पुन्हा पुन्हा वाचल्या. तुमच्यासाठी खोली राखली, मास्तर, आणि त्यात एक पोर जाणार होती.

आज सगळी चाळीस पॅक पुन्हा भरली, पॅकचा नंबर तोच पत्ता. सात नंबर मचाणावरच्या माणसाला दिला. त्याला हाक मारली, "सात?" तो म्हणाला, "बोला." मी रजिस्टरात लिहिलं, सात, मचाण.

हे रजिस्टरच्या मागच्या पानांवर लिहितोय, इथेच राहील. एक सांगायचं राहिलं. ज्याने मला काम दिलं तो मरोळचा ठेकेदार काल तालमीनंतर लगेच आला होता. म्हणाला, "रिपोर्टात लिहा ना, स्विच गंडला. स्विच काय भांडायला येतोय?" तो स्विच, जिथे सगळ्या वायरी येऊन मिळतात, दुसऱ्याने बसवलाय, आणि उत्तम बसवलाय. मी आज त्याला नाही म्हणालो, रिपोर्टात स्वतःचं नाव लिहिलं. पण काल नाही म्हणालो नाही. काल म्हणालो, "उद्या सांगतो." स्विचवर ढकललं तर तो मला पुढच्या तीन सभागृहांचं काम देणार होता, चार लाख ऐंशी हजार रुपयांचं.